फॅरो उभा राहतो

८ ऑग.
नाही, चूक तुझीच आहे. माझी डायरी चोरून वाचूनच राहिला तर ऐक. भिलाईत इजिप्त कावून, हे विचारू नको. मंडळाच्या गणपतीच्या नाटकात दरवर्षी साहेब लोक राजे, अन् आमचे बाबा भाला धरून दारात. या वर्षी नाटक मी लिहून राहिली. फॅरो, म्हणजे इजिप्तचा राजा: बाबा. वजीर: देशकर साहेब, प्लांटमधले बाबांचे जुने बॉस. साहेब हसत हो म्हणाले. बाबा जेवले नाही.

११ ऑग.
इजिप्तवरचं पुस्तक वाचून राहिली. ते लोक राजाचं नाव घेत नसत, ‘मोठं घर’ म्हणत. बाबा रिटायर झाले तरी साहेबांचं नाव घेत नाही, म्हणतात, ‘बंगल्यावरून फोन आला’. राजा, वजीर, पुजारी, लेखनिक, कारागीर, शेवटी शेतकरी. आमच्याकडे सेक्टर १० च्या साहेबांच्या बंगल्यांपासून खुर्सीपारच्या मजूर वस्तीपर्यंत. हजारो वर्षं तशीच उतरंड.

१६ ऑग.
हुडको कॉलनीत तालीम. फॅरो बसलेला, वजीर येतो. साहेब आत आले की बाबा खाडकन उभे. परत घेतलं. परत उभे. म्हणे पाय ऐकत नाही.
साहेब: “अरे भोयर, राजा तू है. बैठ ना.”
बाबा: “जी साहेब.” उभ्यानंच.
सगळे हसले.
घरी येताना बाबा: “मले भालाच दे ना वं.”

१९ ऑग.
इजिप्तच्या एका अधिकाऱ्याले राजानं, समोरची जमीन चुंबायच्या ऐवजी, आपला पाय चुंबू दिला. त्यानं ते थडग्यात कोरून घेतलं! मेल्यावरही हेच सांगायचं होतं त्याले.
आमच्या बैठकीत बाबांचा एकच फोटो फ्रेममध्ये. रिटायरमेंट, हार, साहेब हात मिळवून राहिले. किती वेळ पाहत उभी होती. मागून बाबा, “हात नको लावू. काच सैल आहे.”

२२ ऑग.
शेवटची तालीम. साहेब आले. दुखरे गुडघे टेकले, कपाळ फरशीले.
बाबा बसूनच.
हात मांड्यांवर, मान सरळ, त्या दगडी मूर्त्यांसारखे. मी असं शिकवलं नव्हतं. फॅरो ‘ऊठ’ म्हणेपर्यंत वजीर उठत नाही, हे मीच लिहिलं. बाबा म्हणेचनात. साहेबांची मान थरथरून राहिली, तरी ते खालीच. बाबांमधल्या या माणसाले मी आयुष्यभर पाहिलंच नव्हतं.
मंग हळूच, “ऊठ.”
साहेब उठले, गुडघे झटकले, निघून गेले.

उद्या नाटक. बंगल्यावरून फोन नाही.
बाबा दारात आले, चपला काढून राहिले. विचारतील, जास्त झालं का. मी हो म्हटलं तर उद्या परत उभे राहतील. मागचं दार उघडं आहे. चालली मी.