स्वयंपाकघराच्या भिंतीपासून मोजलेले मैदान

शनिवार, दि. ९ मार्च २०२४. सकाळी दवाखान्यातून फोन आला. उद्या भरती व्हायचे आहे, शस्त्रक्रिया सोमवारी. दुपारी भांडी घासून होत होती तेव्हा धाकटे दीर आले. सोबत घरविक्रीचे कागद आणि स्वतःचे पेन. ते बाहेरच्या खोलीत बसले आहेत. साक्षीदार पाच वाजता यायचे आहेत. तोवर मला हे पुरे करायचे आहे.

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली लेखनिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचेही दडपण नाही असे लिहायची पद्धत आहे. दडपण आहे. ते पुढच्या खोलीत पंखा लावून बसले आहे. पण यातला एकही शब्द त्याच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही.

कलम १. घर.
यजमान गेल्या वर्षी वारले. घर माझ्या नावावर आहे. आम्हाला मूलबाळ नाही. मी मृत्युपत्राशिवाय गेले तर घर दिरांकडे जाईल, असे वकिलांनी सांगितले. ते शहरातल्या मोठ्या क्लबला, स्टेडियमवाल्यांना, विकतील. स्टेडियमवाल्यांना घराशी कर्तव्य नाही, त्यांना घराशेजारचा बोळ हवा आहे. मागच्या मैदानावर जायला तेवढी एकच वाट आहे. बोळ बंद झाला की आमचा फुटबॉल क्लब कोणी बंद न करताच बंद पडेल.

म्हणून हे घर, बोळासकट, मी माझ्या पुतणीला देते. ती याच दिरांची थोरली मुलगी. हे मृत्युपत्र मोडायचे तर त्यांना पोटच्या मुलीविरुद्ध कोर्टात उभे राहावे लागेल. हा विचार करूनच मी लिहिले आहे.

यजमानांना पोचवून आल्यावर दिरांनी चपला काढायच्या आधी बोळाची रुंदी पावलांनी मोजली. मी खिडकीतून पाहिले. ते मी विसरलेले नाही. माफ केले आहे का, हे माझे मलाच अजून ठरवता आलेले नाही.

कलम २. क्लबची ओळख, पुतणीसाठी.
तू इथे एकदाच आलीस, तीही पाहुणी म्हणून. तेव्हा जे सांगायचे राहिले ते असे. या शहराला एकच क्लब माहीत आहे, स्टेडियमवाला. आपल्याला लोक 'बोळातले' म्हणतात. शर्ट फिकट निळे आहेत, कारण पहिल्या वर्षी शिंप्याने गणवेशातून उरलेला तागा दिला. चषक एक आहे. तो क्लबच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतात, तेव्हा पाहायला मागू नकोस.

नव्या माणसाला आपल्याकडे काही दाखवत नाहीत. त्याच्या हातात दोरीचे टोक देतात. मैदान आखताना एकाने दोरी ताणून धरायची आणि दुसऱ्याने तिच्या कडेने फक्की टाकत जायचे. ज्याने दोरी धरली तो आपला, मग तो पुन्हा येवो न येवो. तूही धरली होतीस. तुझ्या नव्या सॅंडल पांढऱ्या झाल्या आणि तू रडकुंडीला आलीस. तुझे काका तुला म्हणाले होते, "दोरी सैल सोडू नकोस गं, शिव्या मला बसतात."

आता मुख्य गोष्ट. काका मैदान आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत बाहेरून ठोकलेल्या खिळ्यापासून मोजत. ती भिंत क्लबच्या पहिल्या गोलकीपरने बांधली. तो गवंडी होता. गोल अडवण्यात जसा होता तसाच भिंतीतही होता. त्यामुळे भिंत तिरकी आणि तिच्यामुळे सगळे मैदान तिरके. बाहेरच्या कोणाला कळत नाही, पण आपल्या खेळाडूंच्या पायांना माहीत आहे.

काका गेल्यानंतरच्या पहिल्या मॅचला, त्यांचा मान म्हणून, सगळ्यांनी मिळून मोजपट्टी आणली आणि मैदान अगदी सरळ आखले. आपलेच लोक त्यावर वाट चुकले. कोपऱ्यातून मारलेला प्रत्येक चेंडू गोलच्या मागे जात होता. दणकून हरलो. मॅच संपल्यावर कप्तान, जो एरवी बस चालवतो, मागच्या दारी आला. आत येईना. खाली बघत म्हणाला, "काकू, तो खिळा कुठे आहे?"

तेव्हापासून मैदान मी आखते. भिंत सरळ करू नये, पाडू नये, गिलावा करताना खिळा बुजवू नये. मॅचच्या दिवशी बोळाला कुलूप घालू नये. घर देताना माझ्या अटी एवढ्याच.

(इथे थांबावे लागले. दीर पाणी प्यायला आत आले. मी कागद उलटा केला. म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी इतकी लांब?" मी म्हटले, काही सुटायला नको. ते माठापाशी उभे राहून खिळ्याच्या भिंतीकडे बघत होते. पाणी पिऊन झाले तरी बघत होते.)

कलम ३. उरलेले.
फक्कीची पेटी आणि दोरी कप्तानाला. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखान्याचे बिल, मग उरेल ते क्लबला, फक्कीसाठी. माझ्या साड्या शेजारणीला, तिला आवडतील त्या.

यजमानांचा रेनकोट दिरांना. लहानपणी हे दोघे भाऊ एकाच रेनकोटात डोकी घालून मैदानावर जात, असे सासूबाई सांगत. त्यांना आठवत असेल तर ते घालतील.

स्थळ: मैदानालगतचे घर, स्वयंपाकघर.
सही: (मी स्वतः)
साक्षीदार: १. कप्तान, बसचालक. २. शेजारीण, परिचारिका.
दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली आहे.

सह्यांनंतर, वेगळ्या कागदावर. हा मृत्युपत्राचा भाग नाही, पुतणीला माहीत असावे म्हणून.

साक्षीदार आले तसे तुझे बाबा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. हे काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. शेजारीण मान वर न करता म्हणाली, सही करतेय, भाऊ, बसा. ते बसले नाहीत.

"घर कुणाला?"

"तुमच्या थोरलीला."

कप्तानाने खुर्ची उगीचच सरकवली.

"तिला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"दोरी धरता येते."

त्यांनी पेनाला टोपण लावले, कागद गुंडाळले. दारातून म्हणाले, "ती विकेल, वहिनी. बघाल तुम्ही."

"बघायला मी असले तर बरंच आहे की."

ते हसले नाहीत. गेले.

काय करायचे ते आता तुझ्या हातात आहे. मी तुला फोन केलेला नाही. फोनवर तू हो म्हटले असतेस, आणि तसला हो मला नको आहे.

उद्या मॅच आहे आणि मी नसेन. कप्तान दोरी धरायला थांबत होता, पण त्याची संध्याकाळची फेरी चुकली असती, म्हणून त्याला पाठवले. शेजारणीची ड्युटी होती. मृत्युपत्र कपाटात ठेवले. डॉक्टरांनी ओझे उचलू नका म्हटले आहे, म्हणून पेटी अर्धीच भरली. दोरीचे एक टोक खिळ्याला बांधले, दुसरे पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन खुंटीला. दोनदा ओढून पाहिले, सैल नव्हती. मग भिंतीपाशी परत आले आणि फक्की टाकायला सुरुवात केली.