फेस बसायच्या आत

१२ जानेवारी २००८, शनिवार

नवीन वर्षाची डायरी आज उघडली. अकरा दिवस वाया गेले, पण त्यात माझा दोष नाही. विमावाल्याने डायरीच काल दिली. आजपासून रोज लिहिणार. ही वही कुणाला दाखवायची नाही. बायकोला, रत्नव्वाला, तर मुळीच नाही. (ती वाचणारच. तरी.)

विषय फेसाचा आहे.

माझी थोरली बहीण आक्काताई कसबा बावड्यात असते. दिवाळीत न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून कॉटवर. अन्न जात नाही, पण गंगावेशच्या कट्ट्यावर समोर धार काढून देतात ते म्हशीचं धारोष्ण दूध म्हटलं की डोळे उघडते. म्हणून रोज संध्याकाळी किटलीतून दूध न्यायचं. एक दिवस मी, एक दिवस अण्णासो. अण्णासो म्हणजे माझा तालमीपासूनचा दोस्त आणि आक्काचा राखीभाऊ. तो मानलेला, मी सख्खा. लोक विसरायला लागलेत म्हणून लिहून ठेवतो.

दसऱ्याला आम्ही दोघांनी एकाच दुकानातून चार्जिंगची दुचाकी गाडी घेतली. त्याची तांबडी, माझी राखाडी. लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही, कारण गाडी तासाला पंचवीसच्या वर जातच नाही. कंपनीनेच लिमिट घातलंय. माझं लायसन अठ्ठ्याण्णव साली संपलं, तेव्हा हे बरंच झालं म्हणायचं.

तर आज आक्का मला, म्हणजे बसाप्पाला, म्हणाली, "बसू, अण्णाच्या किटलीत बोटभर फेस असतोय बघ. आत्ता धार काढल्यागत." मग माझ्या किटलीत डोकावली. काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला लहानपणापासून समजतं.

विचार केला. म्हैस तीच, कट्ट्यावरच्या आकारामची. वाट तीच. गाडी तीच. तरी त्याचा फेस टिकतो आणि माझा बसतो. म्हणजे तो लवकर पोचतो. कसा? पस्तीस वर्षं शिरोलीत विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग केलं मी, जळलेली तार काढून नवी गुंडाळली. शाळा सातवी, बाकी सगळं बघून बघून शिकलो. अण्णासोने जन्मभर बाजार समितीत पावत्या फाडल्या. त्याला घरचा फ्यूज बांधायला मी लागतो.

शोध लावणारच.

१३ जानेवारी, रविवार

अण्णासोची पाळी. मी सहज कट्ट्यावर गेलो. तो निघाला, मीही निघालो. पाठलाग नव्हे, निरीक्षण. पापाची तिकटीपर्यंत बरोबर होतो. सीपीआर चौकात तो वीस हात पुढे. दसरा चौकात नुसता तांबडा ठिपका. मी मूठ पूर्ण पिळलेली, काटा पंचवीसवर ठाम.

घरी आल्यावर रत्नव्वा म्हणाली, "आवं, अण्णासो भावजी बावन्न किलो हायत. तुमी ब्याण्णव. म्हशीला आन शेळीला एकच चढ कसा लागंल?" बाईमाणसाला टेक्निकल समजत नाही. तरी उद्यापासून एक भाकरी कमी.

१४ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी, तीळ लावलेली, लोणी, मिसळीची भाजी. सणाला भाकरी मोजत नाहीत. चार झाल्या. गाडीचं वजन कमी करायचं ठरवलं, ते जास्त शास्त्रीय. दोन्ही आरसे काढले, मागचं कॅरियर काढलं, पायाखालची रबरी मॅट काढली. बसवेश्वरांचं स्टिकर ठेवलं.

कट्टा ते बावडा: एकोणीस मिनिटं. आधीही एकोणीसच. फेस: नाही.

नेहमीप्रमाणे गाडी आक्काकडे चार्जिंगला लावली, कारण आमच्याकडे संध्याकाळी लोडशेडिंग. तासभर बसलो. आक्काने आईची गोष्ट काढली, शेजारणीच्या कोंबड्याची. शंभरदा ऐकलेली. मी हूं हूं करत मनात अण्णासोच्या गाडीचा विचार करत होतो.

१५ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

अण्णासो तिळगूळ घेऊन आला. गोड बोल म्हणाला. मी गोडच बोललो. सहज विचारलं, "काय रं, गाडी बरी पळतीया तुझी?" तर म्हणतो, "व्हय की. तुजी न्हाय व्हय पळत?" आणि हसला. पन्नास वर्षं ओळखतो, पण हे हसणं नवीन आहे. तालमीत मी त्याला कितीदा चीत केलं, ते त्याच्या पोटात राहिलेलं दिसतंय.

मत्सर वाईट. तो त्याला आहे, मला नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

गॅरेजवाल्या बाळासोकडे गेलो. विचारायला नाही, गप्पा मारायला. सीट उघडली. खाली चार बॅटऱ्या, त्यांच्याशेजारी पत्र्याचा डबा. बाळासो म्हणाला, त्याला कंट्रोलर म्हणतात, बॅटरीचा करंट मोटारीला मापून तोच देतो. त्या डब्यातून एक पांढरी वायर बाहेर येऊन परत त्याच्यातच गेलेली. ना लाइटला, ना हॉर्नला. मला बघताक्षणी कळलं. (बाळासोने सांगितलं, पण मला त्याआधी कळलं होतं.) हेच लिमिट! ही जोडलेली असेल तर डबा पंचविसावर हात आखडता घेतो. सोडवली की मोकळा.

बाळासो म्हणाला, "काका, पण मग डबा तापतोय. मोटर बी. आन पंचवीसच्या वर गेली म्हंजे सरकारच्या हिशेबानं ती मोटारसायकल झाली. लायसन, पासिंग, समदं आलं. मागल्या म्हैन्यात एकाची सोडवून दिली तवा बी मी हेच सांगिटलं."

एकाची? कुणाची? "तांबड्या गाडीवालं पावणं," म्हणाला.

घरापर्यंत दात आवळून आलो. बावन्न किलो म्हणे!

१८ जानेवारी, शुक्रवार

वायर सोडवली. बाळासोकडे नाही, घरी, स्वतःच्या हाताने. सोडवून थांबलो नाही, कापून टाकली. अर्ध्या मनाने केलेलं काम मला आवडत नाही.

काटा छत्तीसवर! कलेक्टर ऑफिसच्या रस्त्याला एक लुना मागे टाकली. साठी उलटल्यावर पहिल्यांदा कानात वारं शिरलं. बारा मिनिटं. किटलीचं झाकण उघडलं, फेस! बोटभर नाही, पण नखभर नक्की.

आक्काला दाखवला. "चांगलं हाय," म्हणाली. मग, "बस की."

बसणार होतो. पण गरम बॅटरी चार्जिंगला लावू नये असं बाळासोने सांगितलंय. मग बसून करायचं काय? शिवाय जाता-येता मिळून किती वेळ लागतो तेही बघायचं होतं. चार मिनिटांत निघालो.

२० जानेवारी, रविवार

साडेअकरा मिनिटं. फेस दीड नख. आक्काकडे तीन मिनिटं थांबलो. ती म्हणाली, "काल अण्णा आलता. त्याच्या दुधाला काय फेस, काय फेस!"

काय करावं माणसाने? सख्ख्या भावाने कानात वारं घालून घ्यायचं आणि कौतुक मानलेल्याचं.

उपाय:
किटलीला ओलं फडकं गुंडाळणे.
आकारामला सांगून धार उंचावरून काढून घेणे.
भाकरी खरोखर कमी करणे.

२२ जानेवारी, मंगळवार

आकाराम म्हणाला, "काका, म्हशीचं सड हाय त्या उंचीला हाय. मी काय तिला माडीवर चढवू व्हय?" कट्ट्यावरची माणसं हसली. अण्णासो तिथेच ग्लास तोंडाला लावून उभा होता. त्याच्या मिशीला फेस. मुद्दाम पुसत नव्हता.

भाकरी: तीन. पण लहान होत्या.

२४ जानेवारी, गुरुवार

दसरा चौकात हवालदाराने अडवलं. लायसन विचारलं. मी समजावून सांगितलं की ही पंचवीसची गाडी, हिला लायसन लागत नाही, सरकारचा नियम. तो म्हणाला, "नियम म्हाईत हाय मला. माज्या फटफटीवर काटा चाळीस हुता आन तुमी माज्या म्होरं हुतासा, काका. आन आरसं कुठं हायत?"

मी म्हणालो, आजारी बहिणीचं दूध आहे, फेस बसतोय. त्याने किटलीत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जावा. पर वायर जोडून घ्या." म्हणजे त्यालाही वायरचं माहीत! सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं, एक मी सोडून.

या सगळ्यात फेस बसला. आक्काच्या खोलीत दीड मिनिट. तिने माझा हात धरला होता, सोडवून घ्यावा लागला. घाम आलेला होता म्हणून.

२६ जानेवारी, शनिवार, दुपारी

आज दहा मिनिटांत पोचणार. सकाळी चाकांत हवा जास्त भरली. रत्नव्वा म्हणाली, "आक्कांना दूध पाजायला चाललाय का आग विझवायला?" मी अजून दोन पंप मारले.

२६ जानेवारी, संध्याकाळी

सविस्तर लिहितो. लपवण्यासारखं काही नाही.

लाईन बाजारच्या अलीकडे वास आला. पस्तीस वर्षं हुंगलेला वास, जळलेल्या इन्सुलेशनचा. सीटखालून धूर. गाडी ठप्प. डबा हात लावू देईना. बाळासो अगदीच खोटं बोलत नव्हता.

एका हाताने गाडी ढकलतोय, दुसऱ्या हातात किटली. मागून केएमटीची बस आली, स्टॉपवर थांबली आणि आतून अण्णासो उतरला. आज त्याची पाळी नाही. मी विचारलं, "तू कसा? आन गाडी?" मान खाली घालून म्हणाला, "परवाच जळली. काल बी बसनंच आलतो. आक्काला म्हटलं आज नुसतं भेटून येऊ."

मागून गाडी ढकलायला लागला. थोडं पुढे गेल्यावर स्वतःहून बोलला. "बसाप्पा, वायर मी पयली सोडवली, खरं हाय. पर काय करू? आक्का सारखी म्हणायची, बसूचं दूध कसं गरम असतंय, घरचा मानूस त्यो, काळजानं आणतोय. माजं निवलेलं म्हणायची. मी मानलेला पडलो. म्हटलं, गरम पोचवायचं तर गाडी पळायला पायजे."

मी रस्त्यात थांबलो. म्हणालो, मला तर ती तुझ्या फेसाचं सांगायची.

तो म्हणाला, "कसला फेस? मी किटली लोकरीच्या टोपीत घालून न्हेतोय. फेस कवाच बसतोय."

दोघेही घामाघूम होऊन बावड्यात पोचलो. गाडी अंगणात टेकवली. आक्काची सून रूपाली दारातच म्हणाली, "मामा, कसला वास येतोय?" आत जाऊन सगळं सांगितलं. आक्का उशीला टेकून ऐकत होती. आधी हसली, इतकी हसली की खुबा दुखला. मग चिडली.

"गाड्या जाळलासा व्हय रं? अरं, एकापाशी दुसऱ्याचं चांगलं बोलावं, आईनं शिकिवलेलं. म्हंजे दोगं नीट राहतासा, असं मला वाटलं. फेस कुणाला पायजे? फेसानं मला गॅस होतोय. असंल तेवढा रूपाली चमच्यानं काढून टाकती."

मी किटलीचं झाकण घट्ट लावलं. अण्णासो खिडकीतून बाहेर बघत होता.

मग आक्काने माझ्याकडे बोट केलं. "बसू, पयलं गाडी चार्जिंगला लावून तासभर बसत हुतास. आईच्या गोष्टी निघायच्या. आता किटली टेकवतोस आन पळतोस. त्यो अण्णा बी तसाच. मी दिसभर ह्या छताकडं बघून वाट बघतो, आन तुमी दीड मिनिटात गायब. मी काय डेअरी हाय व्हय?"

कोंबड्याची गोष्ट मीच काढली. तिने पूर्ण सांगितली. या वेळी नीट ऐकली. कोंबडा शेवटी शेजारणीचा नव्हताच, आमचाच होता. साठ वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दूध थंड झालं होतं. ती सगळं प्यायली.

२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर दोघे रोज बरोबर केएमटीने जातोय. खिडकीजवळ एक दिवस तो, एक दिवस मी. बाळासोने दोन्ही गाड्यांना नवे डबे घातले. पांढरी वायर जोडून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "जोडलेलीच हाय, काका. कापू नका." मी म्हणालो, माझ्या मनातून मत्सर गेलाय. तो म्हणाला, "बरं."

५ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी सुरू. पुन्हा पाळ्या सुरू. पंचवीसचं लिमिट ही फार विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. माणसाने सावकाश जावं, दोन्ही बाजूला बघत जावं. आज मी वीसनेच गेलो. सव्वीस मिनिटं लागली. चार्जिंगला लावून दीड तास बसलो. आक्का उठून बसली होती. म्हणाली, "आज कसा निवांत आलास!"

आता यापुढे चढाओढ नाही. वही बंद करायलाही हरकत नाही. लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

लिहावं लागतंय.

आज अण्णासोची पाळी. संध्याकाळी आक्काला फोन केला, सहज. आक्का म्हणाली, "अण्णा हाय हितंच बसलेला. काय निवांत येतोय रं त्यो! पाऊण तासानं आला. येताना वाटंत थांबून माझ्यासाठी चिंचा पाडून आणलाय. त्येच्यागत निवांत मानूस न्हाय."

पाऊण तास!

काल मी विसाच्या वर गेलो नाही, दोन ठिकाणी उगाच उभा राहिलो, तरी बत्तीस मिनिटांतच पोचलो. गाडी तीच, लिमिट तेच. चिंचा पाडायला फार तर पाच मिनिटं. मग उरलेला वेळ गेला कुठे?

त्याने काहीतरी बसवलंय. उद्या बाळासोकडे जायचं. विचारायला नाही, गप्पा मारायला. पंचवीसचं पंधरा करणारी वायर कुठल्या रंगाची असते, तेवढं बघून यायचं.