डोहाला साखळी

१२ जानेवारी
पोहोचलो. राष्ट्रीय उद्यानाचं विश्रामगृह बरं आहे. उशीची खोळ ओलसर निघाली, बदलून घेतली. यांचं कशात लक्षच नाही. डोह, डोह आणि डोह! बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंनाही ऐकवलं — कॉलेजात असताना पुराची नदी पोहून पार केली, काठावर लोक टाळ्या वाजवत होते. लग्नापासून ऐकतेय. नदी दर वर्षी थोडी रुंद होते.

पुढच्या महिन्यात यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. "त्याआधी एकदा धबधब्याखाली पोहायचंय," म्हणतात. म्हणून आलो.

१३ जानेवारी
पाणी हिरवंगार, धबधबा देखणा. माणसं मात्र! पाटीवर ठळक लिहिलंय, लाइफ जाकीट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. त्याच पाटीवर ओले टॉवेल वाळत टाकलेले. एक गृहस्थ जाकीट घालून काठावर चहा पीत होते आणि त्यांची चिमुरडी पाण्यात, जाकिटाशिवाय! रखवालदार तोंडात शिट्टी धरून मोबाइल बघत होता.

"आज फार गर्दी आहे. उद्या निवांत उडी मारतो," हे म्हणाले.

मी तडक उद्यानाच्या अधिकाऱ्याकडे गेले. उभी नोकरी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात गेली, बोट कुठे ठेवायचं ते मला कळतं. "मॅडम, तुमच्यासारखे जागरूक लोक हवेत," म्हणाला. बरं वाटलं.

१४ जानेवारी
डोह बंद! वाटेवर साखळी. "एका जागरूक बाईंनी तक्रार केली," रखवालदार येईल त्याला सांगत होता. जाकिटं पुरेशी नाहीत, म्हणून डोहच बंद! मी झुरळ सापडलं तर स्वयंपाकघर धुऊन घ्यायचे. या शहाण्या अधिकाऱ्यानं हॉटेलच पाडलं.

"कोण ही भवानी?" मागून कुणीतरी म्हणालं. मीही मान हलवली.

हे चिडले नाहीत. "जाऊ दे गं, नशिबात नाही," एवढंच. वर दोनदा भात घेतला. इतका समजूतदारपणा! त्यांची एवढी एक हौस, तीही मीच घालवली.

१५ जानेवारी
अधिकाऱ्याच्या खोलीत ठाण मांडून बसले. शेवटी त्यानं कंटाळून परवानगी दिली — उद्या सकाळी, फक्त आम्ही दोघं, सोबत रखवालदार.

यांना सांगितलं. "अगं, कशाला एवढा त्रास घेतलास?" आवाज चिरकला. आनंदानं, असं वाटलं.

१६ जानेवारी
डोहावर चिटपाखरू नाही. यांनी नवी चड्डी घातली, जाकिटाच्या सगळ्या पट्ट्या आवळल्या. परत सोडल्या. परत आवळल्या.

"किती खोल असेल हो?"

"मधे दोन पुरुष, काका. तुम्हाला काय, तुम्ही नदी पार केलेले!" रखवालदार म्हणाला. त्यालाही ऐकवून झालं होतं तर.

थोड्या वेळानं पुन्हा, "किती खोल म्हणालात?"

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. बोटांनी खडक घट्ट धरला होता. मग एकेक आठवायला लागलं. समुद्रावर गेलो तेव्हा सर्दी. भाच्याच्या सोसायटीतल्या तलावावर कान दुखत होता. एवढ्या वर्षांत या माणसाला मी गुडघाभर पाण्यातही बघितलेलं नाही!

यांना पोहताच येत नाही.

रखवालदार वाट बघत उभा. यांच्या ओठांना रंग नव्हता. पण मागे फिरेनात. नदी आड येत होती.

मी ओरडले, "अजिबात उतरायचं नाही! पाणी बर्फासारखं आहे. ऑपरेशन तोंडावर आलंय आणि पोरखेळ कसले? आत्ताच्या आत्ता कपडे घाला!"

"अगं पण —"

"एक शब्द नको!"

रखवालदारानं यांच्याकडे फार कणवेनं पाहिलं. "काकू कडक आहेत."

"काय करणार बाबा! उडी मारणारच होतो," म्हणेपर्यंत यांच्या शर्टाची बटणं लावून झाली होती.

१८ जानेवारी
घरी. धाकट्या दिरांचा फोन.

"दादा सांगत होता, वहिनी, तुम्ही पाण्यात उतरूच दिलं नाही म्हणून."

"नाहीच दिलं."

मग हळूच म्हणाले, "आई पण दादावर अशीच काठावरून ओरडायची. मुद्दाम."

सासूबाईंनी मला काही म्हणता काही दिलं नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.