विहीणबाईंचं भूत आणि माझी तेलाची कुपी

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तेव्हा गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? घेत नसलीस तर हे पत्र वाचायच्या आधी एक घे. माझी तब्येत ठणठणीत आहे, पण तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. विहीणबाईंचा तुला अजून फोन आला नसेल, तर तो येण्याआधी सगळं माझ्याच तोंडून ऐक.

चिमीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदाच लेकीच्या सासरी राहायला गेलो. दीडशे वर्षांचं जुनं घर, पाहुण्यांना वरच्या मजल्यावर खोल्या आणि सकाळी नाश्ता, एवढाच त्यांचा धंदा, हे तुला माहीत आहेच (स्थळ तूच आणलंस). त्या घरात भूत आहे, हेही तूच सांगितलं होतंस. जुन्या मालकीणबाई म्हणे रात्री कोपऱ्यातल्या खोलीत येरझाऱ्या घालतात. पण अक्का, मी उभा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात घालवला. ‘आमच्या मशीनला बाधा झालीय हो’ म्हणणारी गिऱ्हाइकं मी ढिगाने पाहिली आणि बहुतेक सगळ्या बाधा तेलाच्या दोन थेंबांनी उतरवल्या. मला वाटलं, बिचाऱ्यांचं घर जुनं, दुरुस्तीला धड माणूस मिळत नाही, म्हणून लाजेकाजेस्तव भुताचं नाव पुढे करत असतील.

मानाची म्हणून मला तीच खोली दिली. रात्री ते दार जे कण्हलं! खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. दुसऱ्यांदा कण्हलं तेव्हा मात्र कान टवकारले, आणि कळलं की वरची बिजागरी पार कोरडी पडलीय. सकाळी विहीणबाई बाहेर गेल्या, चिमी स्वयंपाकघरात अडकली (दोनदा येऊन म्हणाली, बाबा खाली येऊन बसा ना, पण मला कुठली फुरसत!), आणि मी कामाला लागलो. बिजागरीला तेल, आपटणाऱ्या खिडकीला पाचर, रात्रभर रडणाऱ्या नळाला नवा वॉशर. दुपारपर्यंत खोली अशी गप्प केली की माझी मीच पाठ थोपटून घेतली. कोणाला सांगितलं मात्र नाही. म्हटलं, आपोआप कळू दे.

त्याच संध्याकाळी मला खालच्या खोलीत हलवलं आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत एक डॉक्टरीणबाई उतरल्या, सासूला घेऊन. मागच्या खेपेला त्या स्वतः किंचाळत जिना उतरल्या होत्या, म्हणून या खेपेला सासूबाईंना मुद्दाम आणलं होतं. आणि सासूबाई झोपल्या की गाढ! नाश्त्याला येऊन म्हणाल्या, लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नव्हती, आता आणखी आठ दिवस सुनेबरोबर इथेच राहते. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघवत नव्हता. आता मी गप्प बसावं की नाही? पण नाही! भरल्या टेबलावर छाती फुगवून सांगितलं की हे सगळं श्रेय या कुपीचं, आणि खिशातून काढून दाखवलीसुद्धा.

बाकीचे पाहुणे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी खूनच केलाय. (केलाच होता म्हणा.) ते सगळे भुतासाठीच आले होते गं. डॉक्टरीणबाईंनी तिथेच बसल्या बसल्या मोबाईलवर शेरा टाकला, ‘शांत जागा, झोप उत्तम.’ अक्का, त्या धंद्यात याहून वाईट शेरा असू शकत नाही. पुढच्या आठवड्याच्या खोल्या एकेक करून रद्द झाल्या. जावई आता रात्री जिन्यावर पाय आपटत फिरतात, पण धुळीने त्यांना शिंका येतात, आणि शिंकणाऱ्या भुताला कोण भिणार?

विहीणबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नुसतं, तुम्ही दमला असाल, असं म्हणाल्या. चांगलं फाडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण ते सगळं आता चिमीला ऐकून घ्यावं लागत असणार. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, दोन दिवस नुसतं माझ्याजवळ बसला असतात तर?” तेव्हापासून तिचा फोन नाही. फार चुकलं गं. पोरीच्या संसारात पहिल्यांदा पाऊल ठेवलं आणि तिच्याच ताटात माती कालवून आलो.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तू माझ्यावर रागाव, पण तिच्यावर रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. विहीणबाई तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांना एवढं सांग, की दार पुन्हा कण्हेल, पण ते काम मोठं नाजूक आहे. बिजागरी सावकाश कोरडी पडू द्यावी लागते, रोज कान लावून बसावं लागतं. महिनाभर तरी मला तिथे राहावं लागेल. खोली नको, स्वयंपाकघराशेजारी एक खाट टाकली तरी चालेल.

आणखी ता. क. तुला म्हणून सांगतो, रॉकेलच्या बोळ्याने तेल पुसलं की झालं, काम अर्ध्या तासाचं आहे. हे तिथे बोलू नकोस. आपल्या घराचं दारसुद्धा करकरायचं. चिमी कामावरून आली की मला आतूनच कळायचं. तिच्या लग्नानंतर ते वाऱ्याने वाजलं तरी मी उठून बघायला जायचो. शेवटी त्यालाही तेल घातलं. तेव्हा अक्का, महिनाच सांग. कमी सांगू नकोस.