बाहुलीचा सुटा पाय

६ जानेवारी, सोमवार

आज वॉर्डात मराठी! या हिंदी मुलखात आल्यापासून चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सात नंबरच्या खाटेपाशी एक बाई मुलीला म्हणाली, "अगं, नीट बस की," आणि मी रंगपेटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. कौशल्या. साताऱ्याकडची. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. मुलगी सृष्टी, आठ वर्षांची. गुडघ्याच्या हाडात कॅन्सर. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीतच.

तुम्ही इथे काय करता, असं कौशल्याने विचारलं. मुलांशी खेळते, म्हटलं. त्याचा पगार देतात? देतात बाई! मग नीट सांगितलं — सुई, मशीन, ऑपरेशन, जे व्हायचं असेल ते मी आधी कापडी बाहुलीवर करून दाखवते. मूल जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. हा आमचा नियम.

घरी येऊन कुकरशी मराठीत बोलत बसले.

१० जानेवारी

कौशल्याने डबा आणला. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. जिन्यात उभ्याने खाल्लं, कुणाला द्यायला लागू नये म्हणून! सृष्टी मला "मौसी" म्हणायला लागली आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

पाय वाचत नाही. डॉ. नरसिंहांनी आईवडिलांना सांगितलं. मांडीपासून काढणार, सत्तावीस तारखेला. सृष्टीला मी सांगायचं.

१९ जानेवारी, रविवार

कौशल्याकडे हळदीकुंकू. सृष्टीला दोन दिवस घरी सोडलंय, म्हणून मुद्दाम केलं म्हणाली. मी आधीच सांगून टाकलं होतं, माझा घटस्फोट झालाय. तर म्हणाली, त्यात काय, या तुम्ही. सात वर्षांत मला कुणी बोलावलं नव्हतं. सख्ख्या वहिनीनेसुद्धा नाही.

कॉलनीतल्या दहा-बारा बायका. सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेल्या चहाच्या गाळण्या वाण म्हणून. मला कुंकू लावलं, ओटी भरली. डोळे भरून आले, गाळणीकडे बघत राहिले. नंतर कौशल्याने मला स्वयंपाकघरात नेलं आणि माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तिला पायाचं सांगू नका. झालं की कळेलच. तुम्ही घरच्या आहात म्हणून बोलतेय."

नाही म्हणायला हवं होतं. मुलापासून लपवू नका, हे मी रोज कुणा ना कुणा आईला समजावते. आज "बघते" म्हटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पिशवीत दोन बाहुल्या होत्या. एकीचा पाय मांडीपाशी टिचबटणांवर लावलेला, काढून दाखवता येईल असा. दुसरी साधी. साधी काढली. तिच्या गुडघ्याला पट्टी बांधली.

सृष्टीने विचारलं, "मौसी, पैर तो यही रहेगा ना?"

कौशल्या तिच्या मागे उभी. नजर माझ्यावर.

"हो गं, हाच," मी म्हटलं.

फॉर्मवर 'मुलाला समजावून सांगितले' समोर बरोबरची खूण करून सही केली. डॉ. नरसिंहांनी कॉरिडॉरमध्ये विचारलं, त्यांनाही हो सांगितलं.

२७ जानेवारी

ऑपरेशन झालं. ठीक झालं म्हणतात. मी दिवसभर खेळघरातले ठोकळे पुसले.

२८ जानेवारी, मंगळवार

सृष्टीने चादर स्वतःच ओढली. ओरडली नाही. आधी पायाच्या जागी बघितलं, मग माझ्याकडे. मग आईला म्हणाली, "इस आंटी को बोलो जाए."

बाहेर कौशल्या म्हणते, मनावर घेऊ नका, लहान आहे, विसरेल. तुमच्यामुळे निदान आधीपासून रडली तरी नाही! आभार मानत होती माझे. तिच्याकडे बघवेना.

१ फेब्रुवारी

सृष्टीचं भिंतीकडे तोंड. कुबड्या घेऊन उभं राहायला तयार नाही. मी जवळ गेले की डोळे मिटते.

४ फेब्रुवारी

ड्रेसिंग बदलताना नर्स म्हणाली, दुखणार नाही. तर सृष्टी तिच्या हाताला चावली. आता कुणावरच विश्वास नाही. डॉक्टर, आई, फिजिओ, कुणी काही म्हटलं तरी खोटंच. हे मी केलं. रोगाने नाही, मी.

५ फेब्रुवारी

डॉ. नरसिंहांना सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, सगळ्या वॉर्डात एकट्या तुमचंच काम मी कधी तपासलं नाही. लेखी द्यायला सांगितलंय.

कौशल्यालाही म्हटलं, डबा आणू नका. का ते सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, परकं केलंत ताई. बरोबरच आहे तिचं. परत एकटीपुरती मुगाची खिचडी, परत कुणाचा फोन येत नाही म्हणून तो बंद तर नाही ना ते बघणं. एकटी आहे मी. इतकी एकटी, की एका डब्यासाठी विकले गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आठ नंबरवर नवा मुलगा, मानस. मेरठचा, दहा वर्षांचा. त्याचाही पाय काढणार. आईने तेच म्हटलं — मत बताइए. हात जोडले तिने. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. किंवा मी सांगते, तुम्ही बसा. पण खोटं बोलणार नाही. तासभर बोललो. शेवटी म्हणाली, माझ्याच्याने ऐकवणार नाही, मी बाहेर थांबते, तुम्ही सांगा. उद्या.

१२ फेब्रुवारी

टिचबटणांची बाहुली घेऊन मानसपाशी बसले. त्याची आई बाहेर, कौशल्या औषधं आणायला गेलेली. तो बाहुलीकडे नुसता बघत होता, काही विचारेना.

मागून सृष्टीचा आवाज. पंधरा दिवसांनी!

"अभी पूछ ले. मम्मी के सामने ये झूठ बोलती है."

म्हणजे तिला त्याच दिवशी दिसलं होतं, मी कुणाचं तोंड बघून उत्तर दिलं ते.

मी वळले. ती भिंतीकडून या कुशीवर आली होती. म्हणाली, "बताओ उसको. मैं भी सुनूँगी."