पाण्याखालचे चाळीस शब्द

४ फेब्रुवारी

आज पुन्हा एकाचा बाप खोडला. बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनचा.

त्याच्या बायकोने लिहून आणलं होतं, 'बाबांना दवाखान्यात ठेवलंय, सारखी तुमची आठवण काढतात.' मी आडवी रेघ मारली. ती टेबलापाशीच उभी होती, डोळे भरून आले तिचे. नवीन आहे. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पाणबुडी पाण्याखाली असते तोवर दर बुधवारी घरून चाळीस शब्द जातात; ते तपासून मशीनवर चढवणं हे माझं कचेरीतलं काम. फक्त चांगले. तिकडून उत्तर येत नाही, कारण बोट बोलली की सापडली. वाईट बातमी कळून तो माणूस करणार काय? वर येता येत नाही, घरी जाता येत नाही, नुसता फळीवर पडून छताकडे बघणार. निघण्याआधी या लोकांनाच विचारतात, घरी काही झालं तर कळवायचं का. बहुतेक सगळे 'नको' म्हणूनच सही करतात. माझ्या नवऱ्यानेही केली. माझ्यासमोर केली.

मग तिला मी दरवेळचा सल्ला दिला— घरातल्या प्रत्येकाचं नाव दर आठवड्याला यायला हवं. एक जरी गळलं तरी हे लोक बसून विचार करतात, तो कुठे गेला? तेव्हा लिही, सासरे मजेत आहेत.

तर म्हणते कशी, "मला खोटं नाही लिहिता येत. तुम्ही खोडा हवं तर."

शहाणीच आहे! मला खोडता येतं, भर घालता येत नाही. गेला तसाच मजकूर, बापाशिवाय.

८ फेब्रुवारी

सासूबाई जेवल्या नाहीत. "तुझ्या हातचं आहे म्हणून नाही, खरंच भूक नाही," म्हणाल्या. टोमण्याशिवाय वाक्य पुरं होत नाही या बाईचं. पण दोन घास तरी खायच्या, आज तेही नाही.

१० फेब्रुवारी

सासूबाईंच्या तपासण्यांनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. रिपोर्ट हातात धरून खिडकीबाहेर बघत बोलत होते. यकृतात सगळीकडे कॅन्सर पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. दिवस थोडे आहेत.

"मुलगा कुठे असतो? बोलावून घ्या."

मला हसू फुटलं! दवाखान्याच्या बोळात, भिंतीला टेकून, वेड्यासारखी हसले. कुठून बोलावू? कुठल्या समुद्राच्या तळाशी आहे तेही मला माहीत नाही. नोव्हेंबरात गेला, एप्रिलच्या आधी येत नाही. डॉक्टर गोंधळले बिचारे. मग मी रडले.

सासूबाईंना घरी आणलं. समोरच्या खोलीत पलंग लावला, टीव्हीसमोर. त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "समुद्रात मासा शिंकला तर ऐकू येतं म्हणे त्याला. आईची हाक तेवढी ऐकू येत नाही."

पाण्यातले आवाज ऐकायचं काम करतो तो. हेडफोन लावून बसतो, तासन्‌तास. आईचा तो जुना विनोद आहे, पण आज कुणी हसलं नाही.

११ फेब्रुवारी

बुधवार. माझा स्वतःचा मजकूर. आईंचं नाव गाळावं तर त्याला लगेच कळणार. हा माणूस आवाजापेक्षा आवाज थांबला की जास्त कान टवकारतो. तेव्हा लिहिलं, 'आई ठणठणीत. सकाळ-संध्याकाळ टोमणे मारतात. काळजी करू नकोस.'

इलेक्ट्रिशियनच्या बायकोने पुन्हा सासऱ्यांचं आजारपण लिहून आणलं. पुन्हा खोडलं. हट्टी आहे.

१७ फेब्रुवारी

काय दिवस!

दुपारी आमच्या कचेरीचे साहेब स्वतः टीव्ही लावायला आले, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पडद्यावर आपले मंत्री, दोन मित्रदेशांचे मंत्री, मागे तीन कड्या एकमेकींत अडकवलेलं नवं बोधचिन्ह. तिघे मिळून नव्या पाणबुड्या बांधणार. आकडा ऐकून मी चहा खाली ठेवला. एवढ्या पैशात किती दवाखाने होतील, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. साहेबांनी वळून पाहिलं.

पण खरा धक्का पुढेच. पाणबुड्या यायला वर्षं लागतील, तोवर पाण्याखालचे ड्रोन. टेबलावर नमुना ठेवला होता, काळा, लांबोडका. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहणार, ऐकणार, शोधणार. आत माणूस नाही. एकही नाही! मंत्री हे हसत हसत सांगत होते.

मग बायकांचे फोन जे सुरू झाले! आमच्या माणसांचं काय? नोकऱ्या राहणार का? इलेक्ट्रिशियनची बायको धावतच आली. "मग ताई, मजकूर कुणाला पाठवायचे?"

साहेब म्हणाले, फार पुढची गोष्ट आहे ही. त्यांच्या कपाळावर घाम होता.

घरी आले तर सासूबाईंचं सगळं बघून झालेलं. "माणूसच नाही का त्यात?" म्हणाल्या. "बरं झालं. कुणाच्या आईला वाट बघायला नको."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१८ फेब्रुवारी

सकाळी मजकूर पाठवला. पुन्हा ठणठणीत.

संध्याकाळी सासूबाई ओरडल्या, "तो बघ! तो बघ आपला!" मी पिठाच्या हातांनी धावले. बातम्यांत त्याच घोषणेचं चालू होतं— कुठलंसं मोठं दालन, लांबच लांब टेबलं, माणसं पाठमोरी बसून पडद्यांवर काहीतरी शिकताहेत. तोवर दृश्य बदललं, मंत्री आले.

"आई, तो बोटीवर आहे. ताप आहे तुम्हाला."

"ताप मला आहे, डोळ्यांना नाही. त्याचा उजवा कान मी ओळखत नाही होय? लहानपणी कितीदा पिळलाय!"

औषध दिलं, झोपवलं. माणूस शेवटी शेवटी असंच बघायला लागतो म्हणतात. वाईट वाटलं फार.

१९ फेब्रुवारी

तोच आहे.

तोच आहे!! आज पुन्हा दाखवलं. मी उभी होते, अगदी पडद्याजवळ. पाठमोरा, डावा हात मानेवर. राखाडी स्वेटर, कोपराला हिरवी लोकर. राखाडी संपली म्हणून मीच हिरव्याने रफू केलं होतं आणि त्यावरून आमचं भांडण झालं होतं. जुनं चित्रीकरण असेल म्हणावं, तर भिंतीवर ते तीन कड्यांचं चिन्ह. आणि रफू मी केलं तो निघाला त्याच्या आदल्या दिवशी.

म्हणजे बोट पाण्याखाली असताना हा कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसलाय!

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. विजयी मुद्रेने नाही. नुसत्या बघत होत्या.

२० फेब्रुवारी

साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं, विचारलं. ते आधी टोलवत राहिले. मी हिरव्या कोपराचं सांगितलं. मग खाली बसले, चष्मा काढला.

बोट समुद्रात नाही. नोव्हेंबरात इथून निघाली ती थेट मित्रदेशाच्या गोदीत गेली. उघडून ठेवलीय, ती पुन्हा पाण्यात जाणारच नाही. सगळे लोक तिथे ड्रोन चालवायला शिकताहेत. पण बोट गस्तीवरच आहे असं जगाला वाटायला हवं होतं, घोषणा होईपर्यंत.

"जगाला, ठीक. आम्हाला का?"

"बोट गेली का, कुठवर गेली, हे बघणारे शत्रूचे हेर आधी बायकांचे चेहरे बघतात. तुम्ही दर बुधवारी काळजीने मजकूर पाठवत होतात. त्याहून चांगला पुरावा कोणता?"

माझी काळजी यांनी वापरली! माझं रडणं, माझी जागरणं, ती सगळी सरकारी कामाला लावली आणि मला पत्ताच नाही!

मजकूर? पोचतात म्हणे. दर बुधवारी छापून जेवणाच्या टेबलावर ठेवतात.

"आणि मी खोडलेले बाप?"

ते चष्मा पुसत राहिले. तिथून विमानाने सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी पोचतं माणूस. इतकंच अंतर!

आणि हा! माझा नवरा! गरम पाण्याने आंघोळी करतोय, खिडकीतून आकाश बघतोय आणि मी इथे वादळाची बातमी आली की घास सोडते. हुकूम असेल, मान्य. पण एक शब्द, एक खूण? इतकं खोटं वागून हा माझ्या नजरेला नजर कशी देणार? मी याच्या जागी असते तर माझ्याच्याने झालं नसतं.

साहेबांना आईंचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आता घोषणा झालीय, लोकांना पाळीपाळीने सोडणार आहेत, आठवड्याला मोजकेच. ह्याची पाळी कधी ते वर विचारतो म्हणाले. तोवर कुणाला काही बोलायचं नाही.

२१ फेब्रुवारी

बोलले. सासूबाईंना.

"मग? होता ना तोच?" एवढंच. मग थोड्या वेळाने, "जेवतो ना नीट तिथे?" पुन्हा थोड्या वेळाने, "म्हणजे बोलावलं तर येऊ शकतो."

हो म्हणाले. त्यांनी केस विंचरून मागितले. फणी गुंत्यात अडकली तशी, "हळू गं, जावळ नाही काढायचंय माझं," म्हणून ओरडल्या. मी किती दिवसांनी हसले.

२३ फेब्रुवारी

साहेब अजून वर विचारताहेत. वरचे त्यांच्या वर विचारताहेत.

मी वाट बघितली नाही. मशीन माझ्याच ताब्यात, माझा मजकूर खोडणारं कुणी नाही. बुधवारच्या गठ्ठ्यात घातला— 'आईचे दिवस थोडे. डॉक्टरांनी सांगितलंय. तू कुठे आहेस मला माहीत आहे. लगेच निघ.' नोकरी गेली तर गेली. फक्त तिकडे बुधवारीच छापतात, आधी नाही. बटण कितीदा दाबलं तरी बुधवार अलीकडे येत नाही.

सासूबाई पाण्याशिवाय काही घेत नाहीत. दर थोड्या वेळाने दाराकडे बघतात. गाडीचा आवाज आला की मीही.

२४ फेब्रुवारी

सकाळी गेल्या. माझा हात हातात होता. मला त्याच्या नावाने हाक मारली. मी 'ओ' दिली.

दुपारी साहेबांचा फोन. परवानगी मिळाली, येत्या विमानाने पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, उशीर झाला. त्यांना आधी अर्थच लागला नाही. मग मी सांगितलं आणि फोन ठेवला.

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी बेल वाजली. धावले. दारात इलेक्ट्रिशियन! कालच आला. वडिलांना भेटला, ते शुद्धीवर आहेत, त्याला बघून उठून बसले. आमच्याकडचं त्याला आत्ताच बायकोकडून कळलं. तसाच उठून आला होता, चपलाही वेगवेगळ्या.

"वहिनी, मला माफ करा. पाळी त्याची होती."

"कसली पाळी?"

"घोषणा झाली त्या दिवशी घरी जायच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिलं नाव त्याचं निघालं. पण माझ्या घरच्या मजकुरात दोन आठवडे बाबा नव्हते. जीव थाऱ्यावर नव्हता माझा. रडलो त्याच्यापुढे. त्याने स्वतःची पाळी मला दिली. मी नको म्हणत होतो, म्हटलं, तुझी आई म्हातारी आहे, तू जा. तर त्याने तुमचा कागद काढून दाखवला आणि हसला. 'आई ठणठणीत आहे,' म्हणाला. 'माझी बायको कधी खोटं लिहीत नाही.'"