टायरवरचे चार आकडे

प्रिय ठमे,

काल फोनवर मी तुला सगळं ठीक आहे म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. आधी घाबरू नकोस. आई धडधाकट आहे, मीही आहे. बिघडलं ते तुझ्या गाडीचं, आणि माझ्याच हातून. फोनवर सांगायला गेलो की तू लगेच ‘जाऊ दे ना बाबा’ म्हणतेस आणि माझं सांगणं पोटातच राहतं, म्हणून लिहायला बसलो.

मंगळवारी आईचा गुडघा फार सुजला. डॉक्टरांकडे न्यायचं होतं, पण बसथांब्यापर्यंत चालणं तिला जमेना. मग सात वर्षांत पहिल्यांदा तुझी गाडी फाटकाबाहेर काढली. तुला ठाऊकच आहे, तू गेल्यापासून मी तिला कुणाला हात लावू दिला नाही. दर रविवारी धुवायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, टायरांना काळं पॉलिश मारायचं आणि पुन्हा कव्हर घालायचं. आई नाक मुरडायची. गाडी दारात आणि मी बसच्या रांगेत, असं शेजारणीला मुद्दाम माझ्यादेखत सांगायची. मी म्हणायचो, पोरीची वस्तू आहे, परत येईल तेव्हा तिला नवीकोरी मिळाली पाहिजे.

दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर डावीकडचा पुढचा टायर फुटला. वेग नव्हता म्हणून निभावलं. गाडी फुटपाथला घासून थांबली. आईने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले, अजून आहेत. जिवात जीव आल्यावर स्टेपनी काढली, तर तिचीही तीच गत. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि माझं टायरचं दुकान ज्याने चालवायला घेतलं त्याला फोन केला. तो माझ्याच हाताखाली शिकलेला. आला, वाकला, टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि एक शब्द बोलला नाही. गिऱ्हाइकाला बायकोसमोर बोलायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याने ओल्या फडक्याने पॉलिश पुसलं. खाली भेगाच भेगा, थंडीत आईच्या टाचांना पडतात तशा.

चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो ना गं? शाळेतून येऊन दुकानात दप्तर टाकायचीस तेव्हा तुलाही पाठ झालं होतं. नक्षी बघून भुलू नका, रबराचं वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवून जा, दहा झाली की नक्षी शाबूत असली तरी काढून टाका. आणि उभ्या गाडीचा टायर चालत्या गाडीपेक्षा लवकर वाळतो, हे तर मी इतक्यांदा सांगायचो की गिऱ्हाइकं माझी नक्कल करायची. तू फळीवर उभी राहून ते आकडे मोठ्याने वाचायचीस, आणि एकदा एका म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलंस की काका, तुमचा टायर माझ्यापेक्षा मोठा आहे. तो हसत हसत चारी टायर बदलून गेला.

तोच मी, दर रविवारी त्या आकड्यांवरून पॉलिशचं फडकं फिरवत होतो आणि वाचत नव्हतो. विसरलो असं म्हणालो तर तू विश्वास ठेवशील, पण ते खोटं होईल. वाचले असते तर तुला जाऊन किती वर्षं झाली तेही मोजावं लागलं असतं. म्हणून मी मोजलंच नाही. नक्षी नवी आहे, म्हणजे तू कालच गेलीस, असं स्वतःला समजावत राहिलो. त्यापायी तुझ्या आईला मी इतकी वर्षं दुखऱ्या गुडघ्याने बसच्या रांगेत उभी केली आणि शेवटी फुटक्या टायरावर बसवली. याची मला फार लाज वाटते.

टायरवाला येईपर्यंत आम्ही दोघं फुटपाथच्या कडेला बसलो होतो. तिथे आईने मला सांगितलं की तू तिकडे घर घेतलंस, वर्ष झालं, आणि बाबांना सांगू नकोस म्हणून तिला शपथ घातलीस. तिला रागवू नकोस, जिवावरचं टळल्यावर माणसाच्या तोंडून खरं तेच निघतं. मला वाईट वाटलं. पण घराचं नाही, ठमे. माझी लेक नवं घर घेते आणि बापाला सांगायला घाबरते, कारण बाप दर फोनला ‘गाडी तयार आहे’ म्हणतो, याचं वाईट वाटलं. म्हणून हे पत्र. आता मी तसं म्हणणार नाही. काल चारी टायर नवे बसवले, स्टेपनीसकट, आणि आईला तिच्या बहिणीकडे घेऊन गेलो. वाटभर ती मला हळू चालव म्हणत होती आणि खिडकीतून लोकांना दिसावं म्हणून काच खाली करून बसली होती. ही गाडी आता आम्ही वापरणार, झिजवणार. तू पाहुणी म्हणून ये, मी याच गाडीने घ्यायला येईन. घराचे फोटो पाठव, स्वयंपाकघराचा आधी, आई विचारतेय. आणि तिकडे तुझ्याकडे जी गाडी आहे ना, तिच्या टायरांजवळ जरा वाक, ते चार आकडे वाच आणि मला कळव.

तुझाच, आकडे वाचायला शिकलेला,
बाबा